पॅरिशचा स्काऊट ट्रूप सोडायचा का?

पत्र : आम्ही मूळचे वसईचे, आता न्यू जर्सीत स्थायिक. मुलगा तेरा वर्षांचा आहे, आमच्याच पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) स्काऊट ट्रूपमध्ये, म्हणजे तुकडीत, जातो. नऊ वर्षांच्या मुलीलाही आता कब स्काऊट (लहान वयाच्या गटातली स्काऊट) व्हायचंय. मागच्या कॅम्पला ट्रूपमधल्या एका मोठ्या मुलाने मित्रांना सांगितलं की तो गे आहे. ते आठवड्याभरात घरोघरी पोचलं. तीन कुटुंबांनी मुलं काढून ट्रेल लाइफ या मुलांच्या ख्रिस्ती संघटनेत घातली. माझे पती म्हणतात, ‘या संस्थेने एकेक करत सगळे नियम सोडले. आपण कॅथलिक आहोत, आपणही निघू.’ मुलाला ट्रूप सोडायचा नाही, घरात रोज वाद होतो. फादर स्पष्ट काहीच बोलत नाहीत, पुढच्या वर्षी चार्टरवर (ट्रूप चालवण्याच्या परवान्यावर) सही करतील की नाही तेही सांगत नाहीत. सासूबाई वसईहून फोनवर विचारतात, ‘पण चर्चचं म्हणणं काय?’ मला त्याचंच उत्तर ठाऊक नाही. मी काय करावं?
— एक आई

प्रिय भगिनी,

तुमच्या सासूबाईंना आधी उत्तर देऊ. चर्चचं या बाबतीत एक म्हणणं नाही. म्हणजे शिकवण एकच आहे, पण ती स्काऊटिंगला कशी लावायची यावर अमेरिकेतले बिशप, फादर आणि पालक गेली दहा-बारा वर्षं वेगवेगळ्या वाटांनी गेले आहेत. यातल्या कुणीही ख्रिस्तसभा सोडलेली नाही. तुम्ही राहिलात तरी कॅथलिक, निघालात तरी कॅथलिक. एवढं एक ओझं तरी आज खाली ठेवा.

आपल्याकडे स्काऊट-गाईड म्हटलं की शाळा आठवते. गणवेश, स्कार्फ, कब-बुलबुलचे मेळावे, सगळं शाळेच्या पटांगणात. वसईतल्या फादरांना त्यासाठी कुठे सही करावी लागत नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथे १९१० साली सुरू झालेल्या बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकेने स्वतः ट्रूप चालवण्याऐवजी चर्च, शाळा, क्लब अशा संस्थांना चार्टर दिले. चार्टर घेतला की ट्रूप त्या संस्थेचा होतो. नेते कोण असतील ते संस्था ठरवते, अर्जावर तिच्या प्रतिनिधीची सही लागते, दरवर्षी नूतनीकरण होतं. म्हणजे तुमचा ट्रूप हे तुमच्या पॅरिशचंच काम आहे, जसा गायकवृंद किंवा धर्मशिक्षणाचा वर्ग. म्हणूनच दूर टेक्सासमध्ये राष्ट्रीय संस्थेने नियम बदलला की प्रश्न थेट तुमच्या फादरांच्या टेबलावर येतो. २०१३ च्या सुमारास कॅथलिक पॅरिशांच्या ट्रूपांत अडीच लाखांहून अधिक मुलं होती. तेव्हा त्याहून मोठे आश्रयदाते दोनच होते, मॉर्मन आणि मेथडिस्ट हे दुसरे पंथ.

तुमचे पती म्हणतात, संस्थेने एकेक करत सगळे नियम सोडले. बदल एकामागून एक झाले हे खरं आहे, पण ते सगळे एकाच प्रकारचे नव्हते आणि कॅथलिकांचं उत्तरही प्रत्येक वेळी वेगळं होतं. हे नीट वेगळं केल्याशिवाय तुमच्या घरातला वाद मिटायचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं होतं की गे नेत्याला नाकारण्याचा हक्क या संस्थेला आहे. तो खटला तुमच्याच न्यू जर्सीतून गेला होता. तेरा वर्षांनी, २३ मे २०१३ रोजी, टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन इथे सुमारे १४०० प्रतिनिधींनी मतदान केलं आणि साठ टक्क्यांहून अधिक मतांनी ठरवलं की केवळ लैंगिक कलावरून कोणत्याही मुलाला सदस्यत्व नाकारायचं नाही. १ जानेवारी २०१४ पासून नियम लागू झाला. त्याच ठरावात आणखी एक वाक्य होतं, ते बहुतेकांनी वाचलंच नाही: स्काऊटच्या वयातल्या कुणाही मुलाचं लैंगिक वर्तन, मग ते भिन्नलिंगी असो वा समलिंगी, स्काऊटिंगच्या मूल्यांविरुद्ध आहे.

ते वाक्य यजमानांना मोठ्याने वाचून दाखवा. कॅथलिक शिकवण कल आणि कृती यांत जो फरक करते, तोच तिथे आहे. कॅटेकिझमचे, म्हणजे कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाचे, २३५७ ते २३५९ हे तीन परिच्छेद एकत्र वाचायचे असतात. पहिल्यात समलिंगी कृत्यांबद्दलची कडक शिकवण आहे, ती कुणी लपवू नये. दुसऱ्यात म्हटलंय की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं, त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी. तिसऱ्यात त्यांना शुद्ध जीवनाचं पाचारण आहे, आणि शुद्ध जीवनाचं पाचारण तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच आहे. कॅथलिक स्काऊटिंगची राष्ट्रीय समिती बिशपांच्या सल्ल्याने काम करते. तिने २०१३ मध्ये हाच आधार घेतला आणि नवा नियम कॅथलिक शिकवणीच्या विरोधात जात नाही असं सांगितलं. तरीही काही फादरांनी त्याच वर्षी आपल्या पॅरिशचे चार्टर बंद केले. त्यांचं म्हणणं होतं की आज मुलांचा नियम बदलला, उद्या नेत्यांचा बदलेल.

आणि तसंच झालं, हेही मान्य करायला हवं. २७ जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय कार्यकारिणीने गे प्रौढांवरची बंदी उठवली. मात्र धार्मिक संस्थांच्या ट्रूपांना आपल्या श्रद्धेप्रमाणे नेते निवडायची मुभा ठेवली. इथे कॅथलिकांची वाट खरी फुटली. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क धर्मप्रांताचे बिशप डेव्हिड केगन यांनी त्याच आठवड्याभरात पत्र काढून आपल्या सर्व पॅरिश आणि शाळा संस्थेपासून वेगळ्या केल्या. राष्ट्रीय समितीने मात्र चिंता व्यक्त करूनही साथ सोडली नाही. नेते निवडण्याचा हक्क आमच्या हातात आहे तोवर काम चालू ठेवू, अशी तिची भूमिका राहिली, आणि बहुतेक धर्मप्रांत त्याच बाजूला थांबले. मला स्वतःला बिशप केगन यांचा निर्णय घाईचा वाटतो, कारण जी मुभा वापरता आली असती ती वापरून पाहण्याआधीच मुलांचे ट्रूप गेले. पण त्यांची भीती पोकळ होती असं मी म्हणणार नाही. धार्मिक मुभा आज आहे, ती कायम राहील याची हमी त्यांना कुणी दिली नव्हती.

२०१७ च्या जानेवारीत अर्जावर लिहिलेल्या लिंगओळखीप्रमाणे मुलांना घेण्याचं ठरलं. हाही विषय तुमच्याच राज्यातून पेटला होता: तिथल्या आठ वर्षांच्या एका ट्रान्सजेंडर मुलाला कब स्काऊटमधून जायला सांगण्यात आलं होतं. या बदलावर कॅथलिकांची अडचण आधीच्या दोन्हींपेक्षा मोठी होती, कारण इथे प्रश्न नुसत्या वागणुकीचा न राहता देह आणि व्यक्ती यांविषयीच्या शिकवणीचा झाला. तेव्हाही राष्ट्रीय समितीने पॅरिशच्या ट्रूपांनी आपल्या शिकवणीप्रमाणे चालावं, असाच सूर ठेवला. याविषयी तुमच्या पॅरिशची आजची पद्धत काय, ते पत्रात नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

मग मुलींचा प्रवेश. २०१८ पासून कब स्काऊटमध्ये आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून मोठ्या गटात. ८ फेब्रुवारी २०२५ पासून संस्थेचं नावच ‘स्काऊटिंग अमेरिका’ झालं. मुलींना घेण्यात धर्मशिकवणीचा काहीच प्रश्न नाही. मुलांना फक्त मुलांचा असा एक गट हवा की नको, एवढाच मुद्दा आहे, आणि त्यावर दोन शहाणी माणसं वेगळं मत ठेवू शकतात. मुलींना घ्यायचं की नाही हे प्रत्येक पॅरिश स्वतः ठरवते. तुमच्या लेकीसाठी फादरांना सरळ विचारा. पॅरिशमध्ये सोय नसेल तर जवळच्या दुसऱ्या पॅरिशमध्ये असेल. मुलींसाठी १९९५ साली ओहायोत सुरू झालेली अमेरिकन हेरिटेज गर्ल्स ही ख्रिस्ती संस्थाही आहे. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी (कॅन्सस) इथल्या आर्चबिशपांनी गर्ल स्काऊट्सशी संबंध तोडून आपल्या पॅरिशांना तिकडेच वळवलं. आणि गोंधळ नको म्हणून सांगते, गर्ल स्काऊट्स ही पूर्णपणे वेगळी संस्था आहे. तिच्यावरचे आक्षेप तुमच्या मुलाच्या ट्रूपला चिकटवू नका. कट्ट्यावरच्या गप्पांत हे दोन विषय सारखे एकत्र होतात.

‘सगळी चर्च बाहेर पडली’ असंही तुमच्या कानावर येत असेल. सर्वांत मोठं निघणं मॉर्मनांचं. त्यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं आणि २०१९ संपताना ते गेले. पण त्यांनी जगभरातल्या आपल्या मुलांसाठी स्वतःचा कार्यक्रम उभा केला होता. कॅथलिकांकडे तशी एकच पर्यायी व्यवस्था नाही, म्हणून निघालेले कॅथलिक चार ठिकाणी विखुरले.

आता तुमच्या फादरांचं मौन. तुम्हाला ते शिकवणीवरून कचरताहेत असं वाटत असेल. मला वाटतं, त्यांच्या डोक्यात वकील आणि विमा असण्याची शक्यता जास्त आहे. १८ फेब्रुवारी २०२० रोजी बॉय स्काऊट्सनी दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण मुलांच्या लैंगिक शोषणाचे जुने दावे. मुदत संपेपर्यंत ८२ हजारांहून अधिक दावे आले. सुमारे २.४६ अब्ज डॉलरची भरपाई योजना २०२३ च्या एप्रिलमध्ये लागू झाली. यात पॅरिशही ओढल्या गेल्या, कारण मघाशी म्हटलं तसं, ट्रूप कायद्याने पॅरिशचा. त्यानंतर अनेक धर्मप्रांतांनी चार्टरचा फेरविचार केला. काहींनी अशी वाट काढली की चार्टर स्काऊट संस्थेच्याच स्थानिक शाखेकडे (कौन्सिलकडे) ठेवायचा आणि पॅरिशने फक्त हॉल वापरायला द्यायचा. तुमच्या फादरांनी सही केली नाही तर त्यामागे हे कारण असू शकतं, आणि त्याचा त्या गे मुलाशी काडीचाही संबंध नसेल. त्यांना तेवढं स्पष्ट विचारा: ‘फादर, अडचण शिकवणीची आहे की जबाबदारीची?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना संकोच वाटायचं कारण नाही, आणि उत्तर मिळालं की अर्धी कुजबुज आपोआप थांबेल.

दिवाळखोरीचा विषय काढला, कारण तुमच्या घरी ज्यावर रोज वाद होतोय त्याहून महत्त्वाचा प्रश्न तिथे आहे. ते हजारो दावे प्रौढ माणसांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचे होते. त्यातले कित्येक नेते चारचौघांत आदरणीय होते, देवभीरू म्हणवले जात होते. आपल्या ख्रिस्तसभेनेही हेच दुःख पाहिलंय, २००२ मध्ये बोस्टनची प्रकरणं उघड झाली त्याआधी आणि नंतरही. तेरा वर्षांच्या मुलाच्या आईने ट्रूपकडे पाहायचं ते इथून पाहावं. प्रत्येक कार्यक्रमाला एकवीस वर्षांवरचे दोन नोंदणीकृत नेते असतात का? कुणी नेता एखाद्या मुलाशी एकट्याने भेटतो का, फोनवर एकट्याला मेसेज करतो का? नियमाने दोन्ही बंद आहेत. तंबूत प्रौढ माणूस दुसऱ्याच्या मुलाबरोबर झोपू शकत नाही. एका तंबूतल्या मुलांच्या वयात दोन वर्षांहून जास्त अंतर चालत नाही. यजमानांच्या मनात तंबूची काळजी असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण असते) तर ती बोलून टाकू द्या आणि हा नियम दाखवा. तो मोठा मुलगा सोळाचा असेल तर तुमच्या तेराच्या मुलाबरोबर तंबूत असणारच नाही, तो गे असो वा नसो. नियम पाळला जातो की नाही हे मात्र यजमानांनी स्वतः पुढच्या कॅम्पला जाऊन पाहावं. प्रशिक्षण घेऊन नेता म्हणून नाव नोंदवलं तर सर्वांत उत्तम. ज्याला संस्थेची एवढी काळजी आहे त्याने बाहेर उभं राहून बोट दाखवण्यापेक्षा आत येऊन दोन नेत्यांतला एक व्हावं.

माझं मत तुम्ही विचारलंय, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. मुलाला आत्ता काढू नका. ट्रूपच्या नेत्यांबद्दल तुमच्या पत्रात काही तक्रार नाही, मुलाला तिथे राहायचंय आणि पॅरिशचा चार्टर अजून आहे. या घडीला मुलाला काढलं तर कारण एकच दिसेल: एका मुलाने आपल्याबद्दल एक गोष्ट सांगितली आणि आम्ही पळालो. तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला हे कारण लख्ख दिसेल. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात तो करुणेबद्दल काहीही शिको, आईवडिलांनी या आठवड्यात काय केलं तेच त्याच्या मनात राहील. आणि ज्या मुलाबद्दल हे सगळं चाललंय, त्याने नियम मोडलेला नाही. पॅरिशच्या शिकवणीप्रमाणेही त्याने पाप केलंय असं तुमच्या पत्रात कुठे नाही. त्याने तोंड उघडलं, एवढंच.

ज्या तीन कुटुंबांनी मुलं नेली त्यांच्याशी वैर धरू नका. ट्रेल लाइफ २०१३ मध्ये उभी राहिली ती याच वादातून. तिथले नेते ख्रिस्ती श्रद्धेच्या निवेदनावर सही करतात, कॅथलिकांनाही तिथे जाता येतं. कोलंबियन स्क्वायर्स ही कॅथलिक मुलांची संघटना म्हणजे तर शंभर वर्षांची जुनी वाट. कुणाला आपल्या मुलासाठी जास्त उघडपणे ख्रिस्ती असलेला गट हवा असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) त्यांच्याशी बोलत राहा. मुलांची मैत्रीही तोडायचं कारण नाही. तुमच्या मुलालाच उद्या तिकडे जावंसं वाटलं, किंवा फादरांनी चार्टर सोडला, तर तेव्हा निघा. तेव्हाचं निघणं कुणाच्या पाठीवर वळ उठवणार नाही. पॅरिशचा ट्रूप बंद झाला तर मुलाची स्काऊटिंगची रँक आणि मेरिट बॅज दुसऱ्या ट्रूपमध्ये तसेच्या तसे जातात, त्याची काळजी नको. ट्रेल लाइफमध्ये मात्र पदकांची रचना वेगळी आहे, ईगल स्काऊट (स्काऊटिंगची सर्वोच्च रँक) तिथे होता येत नाही. हे मुलाला आधीच सांगा, नंतर कळलं तर तो तुम्हाला दोष देईल.

एक अट मात्र घालते. राहायचं ठरवलंत तर पॅरिशचा ट्रूप हा पॅरिशचा दिसला पाहिजे. यजमानांचा जो आक्षेप आहे त्यातला खरा अंश हाच. कित्येक ट्रूपांचं पॅरिशशी नातं तळघरातल्या हॉलच्या किल्लीपुरतं उरलेलं असतं, आणि मग राष्ट्रीय संस्था काय म्हणते तेच मुलांना आपलं म्हणणं वाटू लागतं. कॅथलिक स्काऊटांसाठी लहानपणापासून पायरीपायरीने धार्मिक पदकं आहेत: कबसाठी ‘लाइट ऑफ ख्राइस्ट’ आणि ‘पारवुली देई’, मोठ्यांसाठी ‘आद आल्तारे देई’ आणि ‘पोप पायस बारावे’. ‘आद आल्तारे देई’ ख्रिस्तसभेच्या सात संस्कारांवर उभं आहे, आणि तुमच्या मुलाचं वय नेमकं त्याचंच. ट्रूपमध्ये त्याचा वर्ग घेणारं कुणी आहे का विचारा. नसेल तर यजमान घेऊ शकतील. घरात त्यांना धर्माची जेवढी आस्था आहे ती तिथे लागेल. कॅम्पच्या रविवारी मिस्सा चुकते का, तेही पाहा. बाराव्या स्काऊट नियमात देवाविषयी आदर सांगितलाय. तो पाळायचा की नाही हे ठरवायला राष्ट्रीय कार्यकारिणी लागत नाही.

मुलाशी काय बोलायचं? आधी त्याला विचारा, तुला काय वाटतं. मग शिकवण सांगा, पूर्ण सांगा, तिन्ही परिच्छेद. अवघड भाग गिळू नका आणि करुणेचा भाग तोंडी लावण्यापुरताही ठेवू नका. तो विचारेल, ‘मग माझा मित्र वाईट आहे का?’ त्याला ‘नाही’ म्हणा, लगेच, विचार करायला न थांबता. आणि बजावा की त्या मुलाची गोष्ट त्याने कुणालाही सांगायची नाही, आजी-आजोबांनाही नाही. ज्याने कॅम्पवरची गोष्ट घरोघर पोचवली त्याने नुसता विश्वासच मोडला असं नाही, एका पोराला आपल्याच पॅरिशमध्ये मान खाली घालून चालायला लावलं. नेत्यांच्या बैठकीत बोलायचंच असेल तर यावर बोला. आजवर यावर एकही पालक बोललेला दिसत नाही.

त्या मुलाच्या आईला तुम्ही ओळखता का, ते पत्रात लिहिलं नाहीत. ओळखत असाल तर या रविवारी तिच्या शेजारच्या बाकावर बसा. काही विचारायचं नाही, काही समजवायचं नाही. मिस्सा झाल्यावर कॉफीला थांबता का, एवढंच विचारा. तीन कुटुंबं गेल्यापासून तिला हे कुणी विचारलं नसेल, अशी मला धास्ती वाटते.

यजमानांना हे पत्र जरूर दाखवा. ते माझ्याशी सहमत नसतील तर त्यांनी मला स्वतंत्र लिहावं. त्यांच्या मनातली काळजी मला खरी वाटते, आणि तिला पुरेसा वेळ देऊन मी उत्तर देईन. सासूबाईंना सांगा, वसईत आपल्या फादरांकडे ही शिकवण मराठीत समजावून घ्या आणि नातवाला फोनवर पुढचा कॅम्प कधी आहे ते विचारा.